पोराची नवी वाट आणि घरची वही

बारावीनंतर काय, हा प्रश्न आपल्या वस्त्यांतून आता जुना झाला. त्यावर व्याख्याने झाली, शिबिरे झाली, मुले शिकली, काही इंजिनिअरही झाली. आता दाराशी आलेला प्रश्न निराळा आहे. नोकरी चांगली लागलेली आहे, एक तारखेला पगार खात्यात पडतो आहे, आणि अशा वेळी मुलगा म्हणतो की मला हे काम सोडून दुसऱ्या कामात जायचे आहे. त्या दुसऱ्या कामाचे नावसुद्धा घरात कोणाला नीट घेता येत नाही. बाप गप्प बसतो, आई पदराला डोळे पुसते, आणि मग वस्तीतल्या चार बुके शिकलेल्या माणसाकडे सल्ल्यासाठी येणे होते. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे असे तिघे आले. चौथा आमच्याच घरातला निघाला, म्हणून हे लिहायला घेतले.

थोरल्या भावाचा मुलगा, वय एकोणतीस. राखीव जागेवर इंजिनिअरिंगला प्रवेश, शिष्यवृत्तीवर शिक्षण, आणि गेली सहा वर्षे ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. तिथे राखीव जागा वगैरे काही नाही, परीक्षा देऊन स्वतःच्या बळावर लागला. बँकेचे व्यवहार ज्या प्रोग्रॅमवर चालतात त्यातला एक तुकडा तो सांभाळतो. जावा नावाची संगणकाची भाषा आहे, तिच्यात तो लिहितो. गेल्या ऑक्टोबरमध्ये घरी आला आणि जेवताना म्हणाला, "काका, मला व्हीआरमध्ये जायचंय. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं बोलावलंय. पगार कमी आहे."

वहिनींनी विचारले, "हे व्हीआर म्हणजे काय रे बाबा?"

त्याने जे सांगितले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. डोळ्यांवर पाणबुड्यासारखा चष्मा चढवायचा. त्यात दोन्ही डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि मेंदूला वाटते की आपण त्या जागेतच उभे आहोत. मान वळवली की चित्रही वळते. हे झाले व्हीआर, म्हणजे आभासी जग. त्याचेच दुसरे भावंड एआर. त्यात समोरची खरी खोली दिसत राहते आणि तिच्यावर संगणकाने काढलेली खूण, बाण किंवा वस्तू दिसते. २०१६ साली पोकेमॉन नावाच्या खेळापायी पोरे मोबाईल पुढे धरून रस्त्यारस्त्याने फिरत होती, ते एआर.

आम्हांला वाटले होते की हे कालपरवाचे खूळ असेल. तसे नाही. १९६८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी असा पहिला चष्मा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे. १९९० च्या सुमारास बोईंग या विमान कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मायझेल या दोघांनी कामगारांसाठी चष्म्याचा विचार केला. विमानात वायरींचे प्रचंड जुडगे असतात. मोठ्या फळीवर कोणती वायर कुठून न्यायची हे कामगाराला नकाशात बघून करावे लागे. त्याऐवजी चष्म्यातूनच फळीवर वाट दिसली तर? एआरला जे इंग्रजी नाव पडले ते याच कामातून. म्हणजे ज्याला आपण श्रीमंतांच्या पोरांचा खेळ समजतो, त्याच्या मुळाशी कारखान्याची फळी आणि कामगाराचा हात आहे. आमचा पुतण्या या धंद्याकडे ओढला गेला तोही एका हातामुळे, आणि तो हात त्याच्या बापाचा.

दादा १९९८ साली उंबरगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागले. चौथ्या दिवशी ऑपरेटर आला नाही म्हणून त्यांना पॉवर प्रेसवर बसवले. पत्रा डायवर सरकवायचा, पॅडल दाबायचे, वरून ठोका पडतो, तुकडा काढून घ्यायचा. शिकवायला लागली पाच मिनिटे. दुपारी तीन वाजता उजव्या हाताची दोन बोटे गेली. ठेकेदाराने दवाखान्याचे बिल भरले आणि दोन हजार रुपये हातावर ठेवले. कागदावर दादांचे नाव कुठेच नव्हते. पुतण्याचा जन्म त्याच्या आदल्या वर्षीचा. त्याला बापाचा हात आठवतो तो तीन बोटांचाच.

"पाच मिनिटांऐवजी पाच दिवस चष्म्यात शिकवलं असतं, तर चुकूनसुद्धा बोट जाणार नव्हतं," तो म्हणाला. "ठोका पडला तरी चित्रात पडला असता."

यावर वहिनी जे बोलल्या ते कोणत्याही आईचे बोलणे आहे. "अरे, तुझ्या बापाची बोटं गेली म्हणून तू आता हाताला आलेली भाकरी सोडणार का? बँकेचं काम आहे, एसीत बसतोस, कपड्याला डाग लागत नाही. आमच्या सात पिढ्यांत असं काम कुणाला मिळालं?"

सात पिढ्या. या शब्दावर आम्ही थांबलो. काम बदलणे ही गोष्ट आपल्याकडे कधी साधी नव्हती. आमचे वडील वनखात्यात चौकीदार म्हणून नाशिककडून इकडे आले आणि झरीला राहिले. त्यांच्या वडिलांनी गावात महारकी केली होती. वतनाच्या नावाखाली गावचे आणि सरकारचे पडेल ते काम, रात्री-अपरात्री, मोबदल्यात तुकडा. त्या वतनाच्या जोखडातून समाज सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात बिल मांडले होते. पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण त्यांनी लिहिले आणि मंडळाने जे होऊ दिले नाही, त्यात याच मुद्द्याला त्यांनी हात घातला. धंदे बदलत असतात, एक बुडतो, दुसरा निघतो, आणि माणसाला पोट भरायचे तर त्याला धंदा बदलता आला पाहिजे. जात हे होऊ देत नाही, म्हणून बेकारीचे एक थेट कारण जात आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अर्थशास्त्राच्या पंडिताचा तो युक्तिवाद होता, नुसता संताप नव्हता.

आणि आम्ही ज्या झरीत राहतो त्या गावाचे नाव कशामुळे राहिले? जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. नंतर २३ मे १९४५ रोजी या झरीत पाच हजारांवर वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. तेव्हा हा भाग उंबरगाव तालुक्यात आणि ठाणे जिल्ह्यात होता. लग्नासाठी सावकाराचे चार पैसे घेतले की नवराबायको जन्मभर त्याचे लग्नगडी होत. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सारे लिहून ठेवले आहे. ती चळवळ लाल झेंड्याची होती, आपली निळ्या झेंड्याची. मतभेद होते आणि आहेत. पण नको ते काम नाकारण्याचा हक्क माणसाला असला पाहिजे, एवढ्यापुरते दोन्ही झेंडे एकाच बाजूला होते. म्हणून आम्ही वहिनींना म्हणालो, "वहिनी, पोरगा काम बदलू म्हणतो यात वाईट काही नाही. आपल्या आजोबाला हे म्हणता आलं नाही."

पण हक्क आहे म्हणून उद्या राजीनामा द्यावा, असे आमचे मत नाही. हक्काचा आणि हिशेबाचा खाना वेगळा असतो.

या धंद्याचे पाणी किती खोल आहे ते आम्ही पुतण्याकडूनच काढून घेतले. पोरगा प्रामाणिक, त्याने काही लपवले नाही. फेसबुक कंपनीने २०१४ साली ऑक्युलस नावाची चष्म्याची कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरला घेतली आणि २०२१ मध्ये स्वतःचे नाव बदलून मेटा केले. आता सारे जग चष्म्यात जाणार, अशी तेव्हा हवा होती. त्यांच्या या विभागाला एकट्या २०२४ सालात सतरा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा स्वस्त चष्मा काढला, तो २०२१ मध्ये विकणे बंद केले. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स नावाचा चष्मा खास कारखान्यांसाठी चालवला, २०२४ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. अॅपलचा चष्मा फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत आला तो ३,४९९ डॉलरला. ज्या युनिटी या प्रोग्रॅमवर यातले पुष्कळ काम चालते, त्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या चौथा हिस्सा माणसांना, सुमारे अठराशे जणांना, कमी करण्याचे जाहीर केले.

याचा अर्थ धंदा बुडीत आहे असा नव्हे. लाट येते, ओसरते, पुन्हा येते, असा तो आहे. आपल्या जिल्ह्याशेजारचेच उदाहरण घ्या. २०१४ सालीच १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच साली ठाण्यात पंकज राऊत, अभिषेक टोमर आणि अभिजित पाटील यांनी आज्ञालेन्स नावाची कंपनी सुरू केली. ती स्वतः चष्मे बनवते. वेल्डिंग आणि स्प्रे पेंटिंगसारखी कामे त्या चष्म्यातून शिकवण्याकडे ती वळली. लेन्सकार्टने तिच्यात पैसे घातले. सरकारही जागे झाले आहे. २०२५ मध्ये मुंबईत यासाठी केंद्राची संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी राज्याने अॅनिमेशन, खेळ आणि आभासी तंत्राचे धोरण मंजूर केले. धोरणाच्या दारातून आत कोण जाते ते पुढे दिसेलच. आपण सत्तर वर्षे दारे बघत आलो आहोत.

तर लाटेचा धंदा. ज्याच्या बापाचा ठाण्यात फ्लॅट आहे त्याच्या पायाखालून लाट ओसरली तर तो वर्षभर घरी बसतो आणि मित्रांना सांगतो की मी सध्या विचार करतो आहे. आपल्या पोराला विचार करत बसायला घरातले कोण किती महिने पोसणार? हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भावनेत सापडत नाही, वहीत सापडते. आम्ही बी.कॉम. माणूस, कारकुनी करून पोट भरतो. जेवणे झाल्यावर वही काढली आणि पुतण्याला म्हणालो, "बोल."

हातात येणारा पगार ८२,००० रुपये. तलासरीला घर बांधले त्याचा हप्ता २१,५००. घरी पाठवतो ते १५,०००. बहीण नर्सिंगला आहे, तिचे महिन्याला ६,०००. ऐरोलीची खोली, मेस, लोकलचा पास धरून १७,०००. विमा आणि भिशी ४,०००. बेरीज ६३,५००. म्हणजे शिल्लक १८,५००. पुण्याच्या कंपनीचा पगार हातात ४८,०००. खर्च तोच राहणार, कारण पुणे ऐरोलीपेक्षा स्वस्त नाही. दर महिन्याला तूट १५,५००.

"किती दिवसांत पगार वाढेल?" आम्ही विचारले.

"दीड वर्ष धरा, काका."

दीड वर्षाची तूट २,७९,०००. जवळ साठलेले १,१०,०००. उरले १,६९,०००. महिन्याला १८,५०० बाजूला टाकले तर दहा महिन्यांत जमतात. "दहा महिने थांब," आम्ही म्हणालो. "ही वही भरली की ज्या दिवशी म्हणशील त्या दिवशी राजीनामा दे. तुझ्या आईची समजूत घालायला आम्ही येऊ."

पुण्याची कंपनी दहा महिने थांबणार नव्हती. त्याने नकार कळवला आणि पंधरा दिवस आमच्याशी धड बोलला नाही. फोन केला तर हो, नाही, ठेवतो. त्याचे वाईट वाटले. तरी वही खोटी नव्हती.

रागावलेल्या पोराला आम्ही उपदेश केला नाही, पण बाबासाहेबांनी स्वतः काम कसे बदलले ते मात्र नंतर सांगितले. आपण त्यांच्या पदव्या पाठ करतो, त्यांचा हिशेब पाठ करत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये, त्या काळी मोठाच. तरी बिऱ्हाड परळच्या चाळीत. माता रमाईंनी काटकसर केली, त्यांनी शिल्लक टाकली, आणि १९२० मध्ये अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडन गाठले. त्यातही शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपये कर्ज होते. १९२३ मध्ये परत आल्यावर प्राध्यापकी नाही, वकिली. वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते, तेही भथेनांनीच ५०० रुपये दिले. आणि वकिलीत लगेच पक्षकार रांगा लावून उभे राहिले असे झाले नाही. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. आम्ही बी.कॉम.ला तोच विषय शिकलो, म्हणून ही गोष्ट आम्हांला फार जवळची वाटते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला माणूस नवा धंदा जमेपर्यंत दुसऱ्या चुलीवर भांडे ठेवतो. मग आपण कोण?

पुतण्याने ऐकले. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, पण त्यांना भथेना होते."

बरोबर बोलला. त्यावर पुढे येतो.

दहा महिने हातावर हात ठेवून बसायचे नव्हतेच. सॉफ्टवेअरचे जुने ज्ञान या नव्या कामात किती चालते हे आम्ही त्याला खोदून विचारले, कारण आमच्याकडे आलेल्या त्या तिघांनाही हेच जाणून घ्यायचे होते. तो म्हणाला, निम्मे चालते. युनिटीत सी-शार्प नावाची भाषा लागते, ती जावाच्या सख्ख्या बहिणीसारखी आहे, महिन्यात हात बसतो. चूक शोधणे, चारचौघांत मिळून काम करणे, काम वेळेत देणे, ही सवय तर हातचीच. नवे काय ते दोनच. एक म्हणजे गणित. आपण कॉलेजात सदिश आणि मॅट्रिक्स परीक्षेपुरते घोकले, इथे मान किती वळली आणि वस्तू कुठे दिसली पाहिजे यासाठी ते रोज लागते. दुसरे वेळेचे बंधन. बँकेचा प्रोग्रॅम दोन सेकंद अडला तर माणूस खिडकीशी थांबतो. चष्म्यात सेकंदाला ७२ नाही तर ९० चित्रे यावी लागतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम अकरा ते चौदा मिलिसेकंद. चित्र मागे पडले की बघणाऱ्याला गरगरते, ओकारी येते. "तिथं चूक झाली तर पैशाची होते काका, इथं पोटात होते," असे तो म्हणाला.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती आपल्या मुलांनी ध्यानात घ्यावी. या क्षेत्रात प्रशस्तिपत्रापेक्षा केलेल्या कामाचा नमुना बघतात. आपल्याकडे सर्टिफिकेटांवर फार विश्वास. आम्ही स्वतः मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसचे टायपिंगचे सर्टिफिकेट काढले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले, पाठोपाठ एमएस-सीआयटीची लाट आली, तेही सर्टिफिकेट काढले. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणे बंद केले. तेव्हा टायपिंगचे सर्टिफिकेट पेटीत गेले. बोटांना लागलेले वळण मात्र संगणकावरही कामी आले. पोराने पन्नास हजारांच्या खाजगी क्लासला नाव घालायचे ठरवले होते, ते आम्ही थांबवले. युनिटी शिकणाऱ्याला फुकट मिळते. वस्तू घडवण्याचा ब्लेंडर नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे. केंद्र सरकारने नॅसकॉमच्या साथीने सुरू केलेल्या फ्यूचरस्किल्स प्राइममध्येही हा विषय आहे. पैसे लागणार ते चष्म्याला, आणि तो त्याने ऐरोलीच्या एका मित्राचा शनिवार-रविवारपुरता उसना आणला.

डिसेंबरात त्याने पहिला नमुना करून घरी आणला. काय केले होते? पॉवर प्रेस.

अंगणात खुर्ची टाकून त्याने दादांना चष्मा चढवला आणि दोन्ही हातांत दोन दांडे दिले. दादा आधी हसत होते, पोराच्या हौसेपायी बसले होते. मग एकदम गप्प झाले. त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर आणला, उलटा केला, सुलटा केला. आम्हांला बाहेरून दिसत होता तो तीन बोटांचा हात. चष्म्यात दिसणाऱ्या हाताला पाच बोटे होती. पोराने तयार मिळतो तो हात घातला होता, त्याच्या ध्यानातच आले नव्हते. दादा बराच वेळ तो हात बघत राहिले. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

मग दादांनी पत्रा सरकवला, पॅडल दाबले, ठोका पडला आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला, इतका की खुर्ची हलली. चष्मा काढून म्हणाले, "पाणी दे."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी चुका काढायला सुरुवात केली. आवाज असा नसतो, ठोक्याच्या आधी पट्ट्याचा एक खर्रकन आवाज येतो, तो ऐकू आला की जुना ऑपरेटर हात काढतो. पत्रा इतका कोरडा नसतो, त्याला तेल असते, त्यामुळे तो हातातून निसटतो आणि माणूस तो धरायला जातो. बोट जाते ते तिथे. आणि शेवटी म्हणाले, "यात तू गार्ड लावलेला दाखवलास. गार्ड कुठं असतो रे? गार्ड लावला की तासाला तुकडे कमी पडतात. सुपरवायझर काढून ठेवायला लावतो. तो सुपरवायझर यात कुठाय?"

पोरगा वहीत लिहून घेत होता, लिहिता लिहिता थांबला.

दादांच्या या वाक्यात आमच्या पंचवीस वर्षांच्या कामगार वस्तीतल्या कामाचा अनुभव आला. यंत्राच्या धोक्याच्या भागाला संरक्षण लावण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यात होते. दादांचा अपघात झाला तेव्हा तो कायदा पन्नास वर्षांचा होता. कायदा माहीत नव्हता म्हणून बोटे गेली नाहीत, आणि शिक्षण कमी पडले एवढ्यानेही गेली नाहीत. उद्या मालकाने हेच चष्मे आणले आणि प्रत्येक हेल्परला अर्धा तास बसवून त्याचा अंगठा घेतला, तर अपघातानंतर तो म्हणायला मोकळा की आम्ही शिकवले होते, चूक त्याची. चष्म्यातून कामगार वाचूही शकतो आणि चष्म्याआडून मालकही वाचू शकतो. तो प्रोग्रॅम कोण लिहितो आणि कोणाला विचारून लिहितो, यावर ते ठरते. ज्याने प्रेस फक्त चित्रात पाहिला आहे त्याने लिहिला तर पत्रा कोरडाच राहील.

आम्हांला पोराच्या या वाटेची खरी किंमत तेव्हा कळली. सी-शार्प लिहिणारे लाखो आहेत. पट्ट्याचा खर्रकन आवाज ज्याच्या घरात राहतो असे त्यात किती असतील? ठेकेदारीत राबलेल्या बापांचे ज्ञान आजवर कुठे नोंदले गेले नाही. आपली मुले सॉफ्टवेअरमध्ये गेली की बहुधा त्या ज्ञानाकडे पाठ करतात, बाप काय करतो हे कंपनीत सांगायला लाजतात. हा मुलगा बापाला विचारायला बसला. वहिनींचा विरोध पुरता मावळला असे नाही, पण आता त्या दर रविवारी चहा दोन कप जास्त टाकतात, कारण उंबरगावला काम केलेले आणखी दोघेजण येऊन बसतात. त्यातला एक वारली आहे, त्याने सतरा वर्षे प्रेसवर काढली आणि त्याची दहाही बोटे शाबूत आहेत. तो कसा वाचला, हे पोरगा त्याच्याकडून सध्या शिकतो आहे.

आता भथेनांचे. आमच्या मंडळाचा एक छोटा फंड आहे. अकरा घरे महिन्याला पाचशे टाकतात आणि लग्न, आजारपण, अंत्यविधी यासाठी बिनव्याजी उचल मिळते. काम बदलणाऱ्या मुलालाही मधल्या काळासाठी यातून उचल मिळावी, असे आम्ही जानेवारीच्या बैठकीत मांडले. एका ज्येष्ठांनी स्पष्ट विरोध केला. "ज्याचा पगार ऐंशी हजार त्याला कसली उचल? इथं लोकांना औषधाला पैसे नाहीत." त्यांचे म्हणणे खोटे नाही. आमचे म्हणणे इतकेच होते की आज ऐंशी हजार मिळवणाराही एका पगाराच्या अंतरावरच उभा आहे, पाठीमागे जमीन नाही, दुकान नाही. पडला तर तो पुन्हा आपल्याच फंडाकडे येणार, तेव्हा आजारपणाच्या नावाने. आमच्या पुतण्याला ही उचल नको, हेही आम्ही सांगितले, नाहीतर घरच्यासाठी मागतो असे झाले असते. आधी आलेल्या तिघांपैकी एक मुलगी आहे. तिच्या घरात ती एकटीच कमावती, आणि तिच्या वहीत दहा महिन्यांनीही बेरीज जमत नाही. प्रश्न तिचा आहे. बैठकीत ठरले काही नाही, वैशाखी पौर्णिमेनंतर पुन्हा विषय घ्यायचा असे लिहून ठेवले आहे.

पुतण्याच्या वहीत ऑक्टोबर ते जानेवारी चार महिन्यांचे ७४,००० जमायला हवे होते. डिसेंबरात वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन आले, त्यात ११,००० गेले. आज शिल्लक ६३,००० आहे. उरले १,०६,०००, म्हणजे अजून सहा महिने.